नऊ घासांचा वेळ

बाबांना दाराच्या कुलपाचे आकडे माहीत नव्हते. ते गेले तेव्हा सांग-ग्यू जुन्या घरात राहत होता आणि तिथल्या दाराला साधी कडी होती. देगूतल्या या चौदाव्या मजल्यावर आल्यापासून दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी हाच प्रश्न उभा राही, आणि दर वर्षी सांग-ग्यू स्वतःचा डावा बूट दाराच्या फटीत अडकवून तो सोडवी. बाबांना सरळ आत येता यावं म्हणून.

"आणि चौदा मजले आजोबा चढून येणार?" दा-ऊननं यंदा विचारलंच. सांग-ग्यूची ही एकुलती एक मुलगी इस्पितळात नर्स होती, आणि माणूस मेल्यावर त्याचं काय होतं याबद्दल तिची मतं फारच व्यवहारी होती.

"तू गप पीठ कालव," हे-जा म्हणाली. हे-जा ही सांग-ग्यूची बायको, घरातली एकुलती एक सून. सकाळी सहापासून ती तव्यापुढे उभी होती आणि आता चार वाजत आले होते.

सांग-ग्यूची थोरली बहीण इन-सन दुपारच्या गाडीनं सोलहून आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि बाह्या सरसावून भोपळ्याच्या चकत्या पिठात बुडवायला लागली. राजधानीतल्या नऊ जणांच्या न्यायपीठावर सहा वर्षं काढून प्यो घराण्याची ही थोरली लेक गेल्या वसंतात निवृत्त झाली होती. तिथे ती आत आली की लोक उठून उभे राहत.

"वन्सं, पीठ जाड लागतंय तुमचं," हे-जानं मान न वळवता सांगितलं. "निकालपत्र नाहीये ते. पातळ चालतं."

कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर आई बसली होती. सत्त्याऐंशी वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेली. खारवलेल्या मुशी माशाचे चौकोनी तुकडे ती बांबूच्या काडीत ओवत होती. या भागात श्राद्धाच्या ताटात मुशी नसली तर पितर उपाशी उठतात म्हणे. बाबा जिवंतपणी मुशीला तोंड लावत नसत, वास येतो म्हणायचे. मेल्यावर मात्र दर वर्षी सगळ्यात मोठी काडी त्यांच्यापुढे. आईला मुशी जिवापाड आवडायची, पण तिच्या वाट्याला ती यायची सगळे जेवून उठल्यावर, गार आणि वातड. सदुसष्ट वर्षं हेच चाललं होतं. पूर्वी तर वर्षाला अकरा श्राद्धं असत.

"आई, आज मी काकांपुढे विषय काढणार आहे," इन-सन म्हणाली.

"कसला?"

"पेल्याचा."

आईनं पुढचा तुकडा ओवला.

श्राद्धाला तांदळाच्या दारूचे तीन पेले वाहायचे असतात, आणि ते वाहायचे पुरुषांनी. बायकांनी दोन दिवस रांधायचं आणि ऐन वेळी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभं राहायचं. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, आधीच्या चारही श्राद्धांना इन-सन त्या दारात उभी होती. समानतेवर तिनं देशभर भाषणं दिली होती, आणि स्वतःच्या बापाला एक पेला द्यायची तिला सोय नव्हती.

तिला तो द्यायचा होता आणि त्याला कारण होतं. न्यायपीठावरच्या पहिल्याच वर्षी तिच्यापुढे एका बसचालकाचं प्रकरण आलं. त्याची आजी वारली. कंपनी म्हणाली, बापाची आई असती तर तीन दिवस सुट्टी, आईची आई असेल तर कामावर या. आठ न्यायाधीशांनी लिहिलं की सुट्टी हा मालकाचा चांगुलपणा, आणि चांगुलपणा कायद्यानं मोजता येत नाही. इन-सननं एकटीनं चौदा पानं उलट लिहिली. पहिल्याच पानावर होतं की राज्यघटनेला नातवाची आजी कळते, तिची बाजू कळत नाही. आता लोक ती चौदा पानं वर्गात शिकवतात. त्या दिवशी मात्र सगळ्या नातेवाइकांचे सांत्वनाचे फोन आले. आठ विरुद्ध एक म्हणजे पोरगी सपशेल आपटली, असाच त्यांचा हिशेब होता. हाक-सू काका तर म्हणाले, "एवढ्या सगळ्यांशी वाकडं घ्यायचं नसतं, बाळ. वरच्या पदावर माणसानं जुळवून घ्यावं."

शेवटचा फोन बाबांचा.

"एक कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बरं." मग बराच वेळ काहीच नाही. मग, "जेवलीस का?"

इन-सन त्या रात्री पहिल्यांदा रडली आणि मग जेवली. पुढच्या वर्षी बाबा गेले.

*

हाक-सू काका बरोबर पाच वाजता आले, काखेत वही घेऊन. बाबांचे धाकटे भाऊ, चौऱ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. काळ्या पुठ्ठ्याच्या त्या वहीत घरातले सगळे निर्णय त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात होते आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच शब्द होता: सर्वानुमते. जुनं घर विकलं, सर्वानुमते. श्राद्ध मध्यरात्रीऐवजी संध्याकाळी, कारण सोलची शेवटची गाडी चुकते, सर्वानुमते. पद्धत सोपी होती. काका तीनदा विचारत, "काही हरकत?" तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही की ती संमती. आणि कुणी बोललंच तर तो गप्प होईपर्यंत काका त्याच्याकडे पाहत राहत. साठ वर्षांत तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुणी टिकलं नव्हतं.

"बायकांनी पेला वाहायचा?" विषय ऐकून काका म्हणाले. "कुठे लिहिलंय असं?"

"जुन्या विधींच्या पोथीत. दुसरा पेला घरच्या बाईचाच आहे. मी वाचून आलेय, काका."

"ती पोथी चिनी. आपण कोरियन." जन्मभर त्याच पोथीवरून लोकांच्या चुका काढलेल्या काकांना आजच तिचं गाव आठवलं.

"मग आपल्याकडची अडचण बघू," इन-सन म्हणाली. "पेले तीन. पुरुष किती?"

सांग-ग्यूनं खोलीभर नजर फिरवली, जणू सोफ्यामागे एखादा सापडेल. काकांचा मुलगा कॅनडात जाऊन चर्चमध्ये जायला लागला होता, पितरांपुढे वाकत नव्हता. सांग-ग्यूला मुलगाच नव्हता. गेल्या वर्षी तिसरा पेला काकांनीच चष्मा काढून पुन्हा वाहिला होता, जणू दुसराच कुणी.

"ताईचं बरोबर आहे, काका," सांग-ग्यू म्हणाला. चष्म्याच्या फ्रेम बनवणारा हा गरीब माणूस भांडणाला फार भ्यायचा, आणि आज बहीण जास्त जवळ बसली होती. "मी गेल्यावर तर कुणीच नाही. दा-ऊनलाच करावं लागणार."

"मला विचारलंय कुणी?" दा-ऊन म्हणाली.

"एक मिनिट," हे-जा हातात उलथनं घेऊनच बाहेर आली. "म्हणजे आता रांधायचं आम्ही आणि वाकायचंही आम्हीच? वन्सं, छान समानता आणलीत. तुमच्या चौदा पानांत माझी कंबर कुठे बसते?"

 उत्तर सुचलं ते सांग-ग्यूला, आणि बहुधा भीतीपोटीच. "पुढच्या वर्षीपासून तळणं माझ्याकडे."

"सगळं?"

"सगळं."

"साक्षीदार आहेत," हे-जा म्हणाली आणि त्या क्षणी बायकोसकट सांग-ग्यूचं घर इन-सनच्या बाजूला आलं.

काकांनी वारं ओळखलं. शिवाय गेल्या वर्षी तिसऱ्या पेल्यानंतर उठताना त्यांची कंबर धरली होती. "ठीक. पण पद्धतशीर. पुरुषांचे नमस्कार दोन, बायकांचे चार."

"चार का?"

"पोथीत आहे."

"चिनी ना ती?"

दा-ऊन खो खो हसली. काका दोनांवर आले. पण मुख्याध्यापक तो मुख्याध्यापकच, त्यांनी अट घातली. "सगळ्या बायका, नाही तर कुणीच नाही. एकीनं करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं हे चालणार नाही. सगळ्यांना सारखं. तूच लिहितेस ना असं?"

"मान्य," इन-सन म्हणाली. तिला वाटलं, आपण जिंकलो.

काकांनी वही उघडली. "घरातल्या सर्व स्त्रिया पेला वाहतील व दोन वेळा वाकतील. काही हरकत?"

शांतता.

"काही हरकत?"

"आहे," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

सगळे वळले. आई भिंतीला धरून उठली आणि एकेक पाऊल टाकत दारात आली. हाताला मुशीचा वास होता. "मी नाही वाकणार."

"गुडघ्यांमुळे ना, आई?" सांग-ग्यू घाईनं म्हणाला. "खुर्चीवर बसून मान हलवलीस तरी—"

"गुडघे ठणठणीत आहेत. मला वाकायचं नाही."

"वहिनी," काका म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे पाहायला सुरुवात केली. आईनंही त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी आधी नजर काढली. "मग विषय संपला. सगळ्या नाहीत, तर कुणीच नाही."

 पेला हातात आला होता आणि तो काढून घेत होती ती आईच. ती उठून आईजवळ गेली, तिचा हात हातात घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आई, अगं हे तुझ्यासाठीच आहे ना. सगळ्यांनी मिळून केलं तर त्याला वजन येतं. एकदा, नावापुरतं."

आणि तिला तो आवाज ओळखू आला. असाच मऊ आवाज मुख्य न्यायाधीशांनी लावला होता, बार्लीचा चहा स्वतःच्या हातानं तिच्यापुढे ठेवत. इन-सन बाई, हे तुमच्याच भल्यासाठी. नऊ जणांनी मिळून सांगितलं तर निकालाला वजन येतं. एक सही तर आहे, नावापुरती. त्या दिवशी तो चहा तिनं तसाच ठेवला होता. वेगळं मत जिंकायला लिहायचं नसतं, हे तिला तेव्हा कळलं होतं. पुढे कधी तरी कुणी ते कागद उघडले तर त्याला दिसावं की त्या खोलीत नाही म्हणणारं माणूस बसलं होतं. एवढ्यासाठी ते लिहायचं.

तिनं आईचा हात सोडला.

"काका, आई वाकणार नाही. तिला भाग पाडू नका. बहुमतानं ठरवा. पाच विरुद्ध एक. आणि तिची हरकत वहीत लिहा."

"या वहीत?" काकांनी वही छातीशी धरली. "साठ वर्षांत एक डाग नाही हिच्यावर."

"हरकत म्हणजे डाग नाही."

"हरकत लिहायची तर कारण लिहावं लागतं," काका कुरकुरले. "वहिनी, कारण?"

"मला जेवायचंय," आई म्हणाली.

"सगळेच जेवणार आहोत. नंतर."

"मला आधी जेवायचंय. त्याच्या आधी. गरम. सदुसष्ट वर्षं मेलेल्यांचं उरलेलं खाल्लं, भावोजी. आधी त्याचा आजोबा, मग आजी, मग बाप, आता तो. मी मेल्यावर मला पहिल्यांदा गरम वाढाल तुम्ही. तेव्हा माझ्या काय कामाचं ते?"

हे-जाच्या हातातलं उलथनं खाली आलं. सांग-ग्यू उगाच हसला आणि लगेच थांबला. "हे काय कारण झालं?" काका म्हणाले. "श्राद्धाचं ताट आधी उष्टं करायचं? हे मी लिहिणार नाही." पण घड्याळात सहाला पाच कमी होते, भाताची वाफ निघत होती, आणि तिसऱ्या पेल्याला माणूस नव्हता. काकांनी तोंडातल्या तोंडात "पाच विरुद्ध एक" म्हटलं, दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटायला घेतली.

शेजारी उभ्या इन-सननं ते वाचलं. शेवटचा शब्द होता सर्वानुमते. काकांनी मुद्दाम केलं नव्हतं. साठ वर्षांचा हात होता, ओळ संपली की तो शब्द आपोआप उतरायचा.

आता बोलावं, असं तिला वाटलं. पण बोललं तर पुन्हा वाद, पुन्हा अट, आणि पेला पुढच्या वर्षावर. पुढच्या वर्षी काका असतील की नाही कुणी सांगावं. चौदा पानं लिहिलेली बाई दोन ओळींपुढे गप्प बसली.

"काय लिहिलं गं भावोजींनी?" आईनं विचारलं. काका जुन्या रीतीनं चिनी अक्षरांत लिहीत, ती तिला येत नव्हती.

"नंतर सांगते," इन-सन म्हणाली आणि हात धुवायला गेली. आरशात तिनं स्वतःकडे पाहायचं टाळलं.

*

पहिला पेला सांग-ग्यूनं वाहिला, दुसरा काकांनी. तिसऱ्याला इन-सन चटईवर गुडघे टेकून बसली. समोर श्राद्धासाठी उभा केलेला घडीचा आडपडदा, त्यापुढे बाबांचा फोटो, कपाळाला आठी घातलेला, कारण फोटो पारपत्रासाठी काढलेला होता. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला.  इतकी वर्षं जिच्या मागे लागले ती ही एवढीशी गोष्ट, असं तिच्या मनात आलं आणि तरी डोळे भरले. ती दोनदा वाकली. मागून हे-जा आणि दा-ऊन वाकल्या. आई स्वयंपाकघरातच होती.

सांग-ग्यूनं भातात चमचा उभा रोवला, चॉपस्टिक मुशीच्या काडीवर ठेवल्या. आता पितरांना निवांत जेवू द्यायचं. नऊ घास खायला लागतील तेवढा वेळ सगळ्यांनी बाहेर थांबायचं आणि आत डोकावायचं नाही. जुन्या घरात त्यासाठी ओसरी होती. इथे बाल्कनी. पाचही जण कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी दाटीवाटीनं उभे राहिले, काचेच्या दाराकडे पाठ करून. दाराला पडदा ओढला होता. दहा मिनिटं थांबायचं, असं काकांचं माप होतं, कारण दादा हळू जेवायचे.

"आत्या," दा-ऊन कुजबुजली, "आजीनं मला वही दाखवून विचारलं, काय लिहिलंय म्हणून."

"मग?"

"मी वाचून दाखवलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. म्हणाली, बरं."

इन-सननं डोळे मिटले. धुण्याचं यंत्र मध्येच आपलं काम संपल्याचं गाणं वाजवायला लागलं आणि सांग-ग्यूनं घाबरून त्याच्यावर हात ठेवला, जणू तोंड दाबतोय.

काका काचेच्या दाराशी गेले. आत जेवणाऱ्याला कळावं म्हणून तीनदा खाकरायचं असतं. ते तीनदा खाकरले.

आतूनही कुणी तरी खाकरलं.

सांग-ग्यूनं काकांचा दंड धरला. दा-ऊननं सरळ दार सरकवून पडदा बाजूला केला.

चटईवर, बाबांच्या फोटोसमोर, आई बसली होती. पाय पसरून, कारण नवे गुडघे पूर्ण वाकत नसत. भातातला चमचा तिच्या हातात होता. सारावरून वाफ येत होती. मुशीच्या काडीवर शेवटचा तुकडा उरला होता, तो तिनं सगळ्यांदेखत काढून तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. तिसरा पेला रिकामा होता.

"वहिनी!" काका ओरडले. "हे... दादाचं..."

"त्याला विचारलं मी," आई म्हणाली. "मी तुझ्याबरोबर जेवते, काही हरकत? गप्प. परत विचारलं, काही हरकत? गप्प. तिसऱ्यांदा तुम्ही विचारा, भावोजी. वही तुमची आहे."

 काकांनी इन-सनकडे पाहिलं. आता तरी ही शहाणी बाई आईला आवरेल, अशी त्यांची आशा होती.

"विचारा, काका," इन-सन म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस थोरल्या भावाच्या फोटोपुढे सरळ उभा राहिला.   "दादा... काही हरकत?"

बाबा आठी घालून पाहत राहिले. दाराच्या फटीतल्या बुटाजवळून थोडं वारं आत आलं आणि थांबलं. काकांनी नियमापेक्षा बराच जास्त वेळ वाट पाहिली. मग ते सोफ्यावर बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"आधी वरची ओळ, काका," इन-सन म्हणाली.  "तिथे चूक झालीय. ती मी मघाशी पाहिली आणि गप्प बसले. पाच विरुद्ध एक. कारणासह."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या आईकडे पाहिलं. मग साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक शब्द खोडला, पट्टी लावून, सरळ रेषेत. त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, जन्मभराची सवय. "एक हरकत. हरकत घेणारी, को बुन-ये. कारण, तिला आधी जेवायचे आहे."

"गरम," आई म्हणाली.

"गरम," काकांनी लिहिलं.

हे-जानं तोंडावर पदर घ्यावा तसा हातातला टॉवेल घेतला. ती हसत होती की रडत होती हे सांग-ग्यूला कळलं नाही. त्यानं निमूटपणे जाऊन भाताची भांडी आणली, सगळ्यांची, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायको हलायच्या आत स्वतःच वाढलं.

इन-सन आईशेजारी चटईवर बसली. रिकाम्या पेल्याकडे तिचं लक्ष गेलं.

"तो मी प्यायले," आई म्हणाली. "त्याला चढायची. रागावलीस?"

"नाही. पण तो मी बाबांना दिला होता. त्या निकालाच्या दिवशी सगळ्यांनी माझं सांत्वन केलं, आई. त्यांनी एकट्यांनी विचारलं, जेवलीस का म्हणून."

आईनं चमचा खाली ठेवला. लेकीकडे तिनं असं पाहिलं, जसं कायदा शिकलेल्या माणसाकडे कधी कधी पाहावं लागतं.

"फोन धरून नुसता उभा होता तो," ती म्हणाली. "घामाघूम. मागून मीच ढोसलं त्याला. म्हटलं, अरे विचार तरी, पोरगी जेवलीय का. त्याला कुठलं सुचतंय!"

इन-सननं बाटली उचलली. दोन्ही हातांनी धरून तिनं तो पेला पुन्हा भरला, काठोकाठ, आणि या खेपेला ती फोटोकडे वळली नाही.